कामाच्या वेळेत आडवे होणे

पाणीखात्याच्या मीटरवाल्याची कंबर गेली, तेव्हा खात्याने सर्वप्रथम सायकलीला दोषमुक्त केले. पण असेच वाकून सायकल हाणत राहिलात तर अंथरुणाला खिळाल, असे डॉक्टरांनी त्याला बजावले. तेव्हा खात्याला तुलनात्मक चाचणी घेणे भाग पडले. एकीकडे नेहमीची उभी सायकल, दुसरीकडे पाठ टेकून, पाय पुढे पसरून चालवायची आडवी सायकल.

आडवी जिंकली. चढावर तेवढी ती रडायची, पण सपाटीवर वारा कमी लागे, कंबर गप्प बसे आणि दिवसभराचे मीटर दुपारीच वाचून होत. मीटरवाला ताठ चालत घरी आला, तेव्हा नोकरी गेली की काय, असे बायकोने घाबरून विचारले.

नोकरी शाबूत होती. पण आमच्या गल्लीचे डोके फिरले. आमच्या पाणीपट्टीवर पगार घेणारा माणूस आमच्याच दारावरून लोळत जातो, वर शीळ घालतो, हे सभ्य वस्तीला बघवेना. निवृत्त हेडमास्तरांचे म्हणणे असे की काम होते हे मान्य, पण ते होताना दिसत नाही. आम्ही तक्रारीवर सह्या ठोकल्या.

साहेबांनी मीटरवाल्याला बोलावले आणि खुर्ची मागे कलवली.

"कामाच्या वेळेत आडवं होता येत नाही."

"साहेब, काम दुप्पट होतंय."

"तेच तर. दुप्पट काम, वर आराम. लोकांना काय वाटेल?"

तरीही खात्याने सहानुभूतीपूर्वक तोडगा काढला: आडवी सायकल चालेल, मात्र नागरिकांच्या दारावरून जाताना कण्हावे. बिचारा कण्हला. पण त्याचे कण्हण्यात मन नाही, हे हेडमास्तरांनी पहिल्याच फेरीत ओळखले. आम्ही पुन्हा सह्या केल्या आणि उभी सायकल परत आली. आता तो मनापासून कण्हू लागला. गल्लीला हायसे वाटले. किती कष्टाळू माणूस, असे आम्ही एकमेकांना सांगू लागलो.

महिन्याभरात त्याने अंथरूण धरले. आम्ही सगळे भेटायला गेलो. पाठ टेकलेली, पाय पुढे पसरलेले, बैठक अगदी तीच. बायको उशी सारखी करत होती. हेडमास्तरांनी गहिवरून त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"आता आराम करा."

तुम्हीही हे लोळत वाचत असाल, तर खुशाल वाचा. तुमच्याविरुद्ध सही करायला मीटरवाला काही उठू शकत नाही.