तिप्पव्वाच्या तर्जुम्याची मोहीम

॥ श्रीशारदा प्रसन्न ॥

बेंगरूळ शहरी, इंदिरानगर पेठेत, मराठी वाचकांच्या मजलशीत जो तुंबळ प्रसंग जाहला, त्याची हकिकत आजच लिहून न ठेविली तर उद्या ज्याच्या तोंडास जे येईल तोच इतिहास होऊन बसेल, हे जाणोन सदरहू कैफियत साद्यंत लिहिली असे. लिहिणार खासा मजलशीत हजर होता, आणि कोडबळी त्याने दोन्ही पक्षांच्या ताटांतील सारखीच खाल्ली, सबब पक्षपाताचा शक कोणी घेऊ नये. कोणाच्या मनात काय चालले होते हे बखरनविसास कैसे कळले, हेही विचारू नये. बखरनविसास कळते, ऐसा कदीम शिरस्ता आहे.

मजलस दर रविवारी प्रमोदिनीबाईसाहेब यांचे घरी, गच्चीवरील खोलीत भरे. बाईसाहेब सरकारी संशोधन संस्थेतून निवृत्त, उमर थोर, गुडघे दोन्ही नवे बसविलेले, मते मात्र जुनी आणि मजबूत. त्यांचे खालोखाल मातबर असामी नरसिंहराव. यांणी सारी हयात विमानांच्या सरकारी कारखान्यात काढिली आणि विमाने आभाळी धाडिली, परंतु आपण मूळ मराठी पुस्तकाबाहेर पाऊल टाकिले नाही. तिसऱ्या गौरीबाई, पुण्याहून कॉम्प्युटरच्या चाकरीस आलेल्या. जपान, नॉर्वे आदी मुलखांच्या कादंबऱ्या इंग्रजी तर्जुम्याने त्यांच्या पदरी होत्या, ज्यांत माणसे काही करीत नाहीत आणि मांजर असते. चौथे जितेंद्रपंत, जे पुस्तकाचे मलपृष्ठ वाचोन आतील मर्म सांगत, आणि नवल हे की बहुधा बरोबर सांगत. कोणी एका पुस्तकाची शिफारस करावी, मग बाकीच्यांनी 'वाचतो' म्हणावे, पुढील रविवारी 'चालू आहे' म्हणावे, आणि त्याचे पुढील रविवारी मत द्यावे, ऐसा रिवाज होता.

पाचव्या महानंदाबाई. वतन निपाणीकडील, घरी मराठी, शाळा कानडी, दोन्ही जिभा सारख्या धारेच्या. चाकरी बोम्मसंद्र्यास, मोटारींचे सुटे भाग घडविणाऱ्या कारखान्यात, तपासनिसाचा हुद्दा. ज्या भागात केसाएवढी चूक निघेल तो भाग बाई माघारी धाडीत, मग मालक रदबदली करो की मालकाचा बाप. दर रविवारी पिवळी, हिरवी आणि जांभळी ऐशा तीन मेट्रो ओलांडोन बाई मजलशीस दाखल होत आणि एकच अर्ज गुजरीत की, एक कानडी कादंबरी आहे, तीस कोणी मराठीत आणिले नाही, इंग्रजीतही नाही, ती आपण सर्वांनी ऐकावी.

कादंबरी गदग प्रांतीच्या तिप्पव्वा नामे म्हातारीची. तिची एक विहीर, दोन पुत्र, आणि विहीर कोणाची यावरून घरात पेटलेली लढाई. महानंदाबाईंनी ती शाळेत असता वाचिली, मग लग्नात माहेरून जे सामान आणिले त्यात आणिली, आणि कारखान्यात कोणी टोचून बोलले तर मनात तिप्पव्वास उभी करून त्यास उत्तर देत. मजलशीतील या चौघांस तिप्पव्वा ठाऊक नाही म्हणजे आपणही त्यांस अर्ध्याच ठाऊक आहो, ऐसे बाईंस फार वाटे. परंतु जे पुस्तक सर्वांस वाचता येईना ते मजलशीत येणार नाही, ऐसा कायदा होता, आणि चौघेही बेंगरुळाचे पाणी वर्षानुवर्षे पीत असता कानडीचे एक अक्षर कोणास लागत नव्हते, सबब अर्ज दर वेळेस नामंजूर होई.

शेवटी बाईंनी तोड काढिली की, मी कानडी पान पुढे धरीन आणि मुखाने मराठी बोलेन, तुम्ही ऐकावे. यावर नरसिंहराव यांणी आपले फर्मान जाहीर केले की, तर्जुमा म्हणजे दुसऱ्याने चावून दिलेला घास, पोट भरते पण दात फुकट जातात. गौरीबाईंनी विचारिले की, तरुणपणी रशियाच्या कादंबरीने आपण रडलात ते कैसे. राव यांणी खुलासा केला की, ती मूळ मराठीच असावी ऐसा आपला समज होता. मग बहुत हुज्जत जाहली, कॉफी थंड जाहली, आणि अखेर बाईसाहेबांच्या मध्यस्थीने तह ठरला. महानंदाबाईंनी दर रविवारी तर्जुमा ऐकवावा. कादंबरी संपताच मुळाशी रुजुवात व्हावी. तीत खोट निघाली तर तोंडी तर्जुमा कायमचा बंद, आणि कानडी पुस्तकाचे नाव मजलशीत पुन्हा काढू नये. हे कलम राव यांचे. परंतु रुजुवात करणार कोण, कानडी वाचणारा आहे कोण, म्हणोन महानंदाबाईंसुद्धा सर्वांनी ते पोकळ समजोन कबूल केले.

मोहीम सुरू जाहली. नरसिंहराव यांणी खुर्ची खिडकीकडे फिरवोन पाठ दिली, आणि आपण वारा खावयास बसलो आहो ऐसे दाखविले. बाई वाचू लागल्या, आणि तिप्पव्वा सुनेस जो पहिला टोला हाणते तो ऐकोन गौरीबाईंनी मोबाइल पालथा घातला. पुढील रविवारी राव यांची खुर्ची किंचित वळली, आणि त्यापुढील रविवारी आणखी वळली. अखेर राव मोहरा देऊन बसले, आणि खिडकीतून ऊन येते ऐसे कारण त्यांणी न विचारता सांगितले.

ऐसे चालिले असता प्रमोदिनीबाईसाहेबांचा हुकूम सुटला. बाईसाहेब म्हणाल्या की, या मजलशीत जी जी साहित्यिक कादंबरी वाचिली तीत म्हातारी असली की मध्यावर मरते, मग नातवंडे परदेशातून येतात, तिची ट्रंक उघडतात आणि उरलेले पुस्तकभर खिन्न होतात. आजवर बहुत म्हाताऱ्या पोहोचविल्या. यंदा ही फौत जाहली तर आपण मजलस बरखास्त करून खोली भाड्याने देऊ. सर्व हसले. बाईसाहेबही हसल्या, परंतु हात त्यांनी गुडघ्यावर घट्ट धरिला होता, हे महानंदाबाईंनी पाहिले आणि पुस्तक घाईने मिटिले. कारण मुळात ऐन मध्यावर तिप्पव्वास ताप भरतो आणि ती जाते, ऐसे स्वच्छ छापिले आहे.

तो रविवार आला. तिप्पव्वास ताप भरला, वैद्याने नाडी पाहोन मान हलविली, आणि बाईसाहेबांनी पेला खाली ठेविला. तेव्हा ज्या बाईंनी केसाएवढ्या चुकीस जन्मात माफी दिली नाही, त्यांची जीभ आपसूक वळली आणि बोलून गेली की, पहाटे ताप उतरला, आणि तिप्पव्वाने उठून ताक मागितले. बाईसाहेबांनी पेला पुन्हा उचलिला.

परंतु पुढे अर्धी कादंबरी शिल्लक, आणि तीत एक माणूस जास्ती. मुळात म्हातारी गेल्यावर पुत्र वाटण्या करितात आणि अंगणात भिंत घालितात, येथे तर ती धडधाकट कट्ट्यावर बसलेली. आता तिला गप्प बसवावे तर तिचा स्वभाव तैसा नाही. मग महानंदाबाई मेट्रोत बसोन तिप्पव्वाचे बोलणे मनात जुळवू लागल्या. इलेक्ट्रॉनिक सिटी मागे पडली की म्हातारी बोलू लागे आणि इंदिरानगर येईतो थांबत नसे. त्यातच वाटणीचा अध्याय आला. भांडी वाटिली, म्हशी वाटिल्या, विहिरीची पाळी वाटिली, आणि मग तिप्पव्वा कट्ट्यावरून विचारिती जाहली:

"सगळं वाटून झालं न्हवं? मग मी कुणाच्या वाट्याला आले?"

गौरीबाईंनी ते वाक्य तेथेच मोबाइलच्या स्टेटसवर चढविले, आणि ऑथर सेकंड हाफमध्ये खरा ओपन होतो ऐसा अभिप्राय दिला. जितेंद्रपंतांनी पुस्तक हाती घेऊन मलपृष्ठ पाहिले, ते कानडी निघाले, आणि पंत मजलशीच्या स्थापनेपासून प्रथमच मताविना राहिले. नरसिंहराव मात्र उठोन खिडकीपाशी गेले. राव यांचे एक पुत्र जर्मनीस, एक पुण्यास, दोघेही राहावयास बोलावीत आणि दोघेही राव दुसऱ्याकडे जातीलच ऐसे धरोन चालत. ते वाक्य राव यांचे काळजात जाऊन बसले, आणि त्यांणी मनाशी निश्चय केला की, तर्जुम्यात इतके आहे तर मुळात काय असेल ते स्वनेत्रे पाहावे.

मग राव यांणी अ‍ॅव्हेन्यू रोडवरील पुस्तकबाजारी स्वारी करून मूळ पुस्तक हस्तगत केले, आणि कानडी अक्षरांवर चाल केली. गुरू केला नाही. इंदिरानगरच्या दुकानांच्या पाट्या हीच बाराखडी मानिली, कारण पाटीवर कानडी मोठे, खाली इंग्रजी लहान, आपसूक रुजुवात होई. प्रथम बेकरी सर जाहली, मग मेडिकल, मग दातांचा दवाखाना, आणि ज्या रस्त्याने राव सारी हयात मान खाली घालोन गेले, तो रस्ता पाटीपाटीने त्यांच्याशी बोलू लागला. कानडी बोलणे तर बाजारहाट करिता कानी होतेच. मग पुस्तक उघडोन बोटाने एकेक ओळ जिंकीत राव पुढे सरकले, आणि ते वाक्य शोधता शोधता तिप्पव्वाच्या तापापाशी येऊन पोहोचले, तो पाहतात काय, म्हातारी गेली.

आपलेच वाचन कच्चे ऐसे वाटोन दोन दिवसांनी, रविवारी, राव पुस्तक घेऊन कोपऱ्यावरील मेडिकलवाल्या मंजुनाथाकडे गेले आणि ओळीवर बोट ठेवोन वाचविते जाहले. मंजुनाथाने वाचोन सांगितले की, होय, अज्जी गेली. घरचीच कोणी असेल ऐसे समजोन त्याने हळहळ व्यक्त केली, आणि राव यांणीही मान खाली घालोन ती स्वीकारिली. त्याच समयी महानंदाबाई मेट्रोतून उतरोन समोरून येत होत्या. त्यांणी राव पाहिले, पुस्तक ओळखिले, ओळीवरील बोट पाहिले, आणि मंजुनाथाची हळहळ ऐकिली. पोकळ समजलेल्या कलमात दारू भरलेली निघाली.

त्या दिवशी तोफ डागली जाईल म्हणोन बाई मान खाली घालोन वाचीत होत्या, परंतु राव काही बोलिले नाहीत. पुढील रविवारी बोलिले नाहीत, त्यापुढेही नाहीत. गनीम तोफ रोखून गप्प बसला म्हणजे अधिक भय वाटते. तपासनिसाचा हुद्दा असोन आपण खोटा माल पुढे धाडिला, आता कानडीचे दार आपल्याच हाताने बंद होणार, आणि बाईसाहेबांस कळेल ते निराळेच, या विचाराने बाईंस अन्न गोड लागेना. राव यांचे मनात काय होते ते बखरनविसास ठाऊक आहे. तिप्पव्वा गेल्याचे वाचल्यावर त्यांस दोन दिवस करमले नाही, मग रविवारी ती कट्ट्यावर बसोन सुनांस फैलावर घेताना ऐकिली, आणि त्यांस बरे वाटिले. गेलेल्या बाईचे बोलणे ऐकावयास राव सर्वांआधी येऊन बसू लागले होते, आणि या गोष्टीस तर्जुमा म्हणावे की काय म्हणावे, हे त्यांस कळत नव्हते.

अखेर कादंबरी संपली. बाईंनी पुस्तक मिटिले, पाणी पिऊन हिय्या केला, आणि प्रमोदिनीबाईसाहेबांकडे वळोन म्हणाल्या, "अक्का, एक गोष्ट सांगायची राहिलीया."

इतक्यात नरसिंहराव यांणी हात वर केला, आणि तहाप्रमाणे प्रथम रुजुवात, बाकी मागाहून, ऐसे बजाविले. मग पिशवीतून मूळ कानडी पुस्तक काढिले. पानोपानी औषधांची रिकामी पाकिटे खुणेस घातलेली. ते पाहोन गौरीबाई चकित जाहल्या, जितेंद्रपंत उठोन उभे राहिले, आणि महानंदाबाईंनी डोळे मिटिले. बाईसाहेबांनी विचारिले की, सांगा राव, तर्जुमा मुळाशी मिळतो की नाही.

राव यांणी चष्मा पुसला, घातला, आणि बोलिले, "सगळं वाचलं. मिळतं. फक्त मुळात म्हातारी स्वल्प कमी बोलते."

बाईसाहेबांनी क्षणभर राव यांजकडे, क्षणभर महानंदाबाईंकडे पाहिले, आणि निवाडा दिला की, मग तो दोष मूळ लेखकाचा, तर्जुमेकाराचा नव्हे. सबब तोंडी तर्जुमा आजपासून मजलशीचा कायदा, आणि कानडी पुस्तकांस दरवाजा सताड उघडा. महानंदाबाईंस काय सांगावयाचे राहिले होते ते मग कोणी विचारिले नाही, आणि कोडबळी आली.

मजलस उठल्यावर नरसिंहराव महानंदाबाईंस मेट्रोपर्यंत पोहोचवावयास गेले. ऐसे पूर्वी कधी जाहले नव्हते. वाटेत राव सर्व पाट्या मोठ्याने वाचीत चालिले, आणि जेथे चुकले तेथे बाई दुरुस्त करीत चालिल्या. जिन्यापाशी येऊन राव थांबले आणि दुसरीकडे पाहोन बोलिले, "पुढच्या पुस्तकात कुणी म्हातारा असला, तर त्याच्याकडेही जरा लक्ष असू दे."

बाईंचे डोळे भरोन आले. त्या कानडीत होकार देऊन म्हणाल्या, "सरी, अण्णा." आणि वर गेल्या.

येणेप्रमाणे बेंगरूळ प्रांती तर्जुम्याची फत्ते जाहली, ती पंचांसमक्ष रुजू केली असे. मुळाचा पक्ष शरण आला, परंतु मूळ पुस्तक नरसिंहराव यांजपाशीच असोन मागितल्यास देत नाहीत. जितेंद्रपंतांनी मलपृष्ठापुरती कानडी शिकावयास आरंभ केला आहे. बाईसाहेबांची खोली भाड्याने दिली नाही. लढाई मोठी, परंतु आपणाकडील माणूस एकही कामास आले नाही. तिप्पव्वा सुखरूप असे.