अबू निझार यांची मदिना-स्वारी आणि खिडकीचा तह

थोरांच्या मोहिमा लिहावयास लिहिणारे पुष्कळ मिळतात, आणि लहानांच्या मोहिमा लिहावयास कोणी बसत नाही, मग त्या लहानांस आपल्या मोहिमा स्वतःच रोज जेवताना सांगाव्या लागतात, आणि घरचे लोक जेवणावरून उठून जातात, हे दुःख ध्यानी आणून ही हकीकत यथास्थित लिहिली आहे. मक्का शरीफ येथील मिसफला मोहल्ल्याचे राहणार, मेहेरबान तलअत फिलिंबान, थोरला लेक निझार याजवरून अलम दुनियेत अबू निझार म्हणून मशहूर, पालिकेच्या कचेरीतून पेन्शन घेऊन घरी बसलेले आणि तेव्हापासून घरात कोणास सुखाने बसू न देणारे, यांनी आगगाडीने मदिना गाठून सून कैसी मिळविली, त्याचा हा मजकूर.

मोहिमेचे कारण ऐसे जे, साहेबजादे निझार मदिनेत इंजिनियरीवर होते, आणि तेथील कुर्दी घराण्याची कन्या लुजैन त्यांचे मनात भरली होती, मग उम्म निझार म्हणजे साहेबजाद्यांच्या मातुश्री एकदा जाऊन मुलगी पाहून आल्या, बायकाबायकांचे सर्व ठरले, आणि आता फक्त पुरुषांनी जेवून रीतसर मागणी घालणे उरले होते. इतके सोपे काम पुरुषांवर सोपविल्याने जे व्हायचे तेच जाहले. अबू निझार यांनी पहिली स्वारी खासगी मोटारीतून काढली, वाटेत एका खाणावळीपाशी मुक्काम करून कोंबडी-भात यथेच्छ भक्षिला आणि सावलीत अंमळ आडवे जाहले, ते उठले तो उन्हे कलली होती. मदिनेच्या वेशीवर मुलीचे वडील अबू घस्सान यांचा खलिता फोनवर पोचला, की भात वाळला, बोलावलेले चार पोक्त लोक वाट पाहून घरी गेले, आता याल तर वेळेवर या, नाहीतर येऊच नका. तेव्हा कोणाचे तोंड न पाहता फौज वेशीवरूनच माघारी फिरली. या शिकस्तीचे खापर अबू निझार यांनी खाणावळीच्या भातावर फोडले.

मग दुसऱ्या स्वारीची मसलत जाहली, आणि साहेबजाद्यांनी मदिनेहून फोनवर बजावले, "बाबा, ह्या वेळी गुपचूप आगगाडीनं यायचं. परत उशीर झाला ना, तर लुजैन दुसऱ्याच्या घरी जाईल आणि मी तुमच्या शेजारी बसून जन्मभर तुमच्याच गोष्टी ऐकत बसेन." ही धमकी दोन्ही बाजूंस भारी होती. अबू निझार आजवर म्हणत आले होते की ती गाडी परदेशी यात्रेकरूंसाठी आहे, आम्हां अस्सल मक्केकरांस रस्ता ठाऊक आहे. परंतु मुलासाठी बाप काय करीत नाही. त्यांनी तिकिटे काढविण्यास रुकार दिला, आणि लगोलग मोहल्ल्यात हे बलिदान सर्वांस कळविले.

मुक्रर दिवशी पांढराशुभ्र पायघोळ थोब, डोक्यास कडक इस्त्रीचा रुमाल आणि अत्तराचा घमघमाट ऐसी खासा स्वारी मक्केच्या रुसैफा आगगाडी-ठाण्यावर दाखल जाहली. मागून उम्म निझार झमझमच्या पाण्याचा कॅन आणि मिठाईचे डबे घेऊन येत होत्या, कारण सेनापतीने ओझे वाहू नये हा जुना कायदा आहे. गाडीत शिरताच पहिला घात दृष्टीस पडला. बैठका समोरासमोर होत्या, आणि फौजेच्या वाट्यास आलेल्या दोन्ही उलट तोंडाच्या होत्या. अबू निझार यांस उलटे बसले की गरगरते, ही गोष्ट त्यांनी चाळीस वर्षे राज्यगुपित म्हणून सांभाळली होती. समोरची, खिडकीकाठची, मदिनेकडे तोंड केलेली बैठक रिकामी होती. मग त्यांनी फार विचार न करता ती काबीज केली, आणि गाडी सुटताच काचेतून डोंगरांकडे ऐसे पाहू लागले की जणू ते डोंगर यांनीच लावून ठेवले होते.

जिद्द्यास गाडी थांबली आणि खिडकीचा धनी प्रकटला. वयाने अबू निझार यांच्याच जोडीचा, दाढी नीट कातरलेली, एका हाती खजुराचा डबा, दुसऱ्या हाती कॉफीचा थर्मास, आणि खिशात त्या बैठकीचे तिकीट, म्हणजे शत्रू पुरा सज्ज होता. त्याने जागा मागताच अबू निझार यांनी डोळे मिटून घेतले. तेव्हा गाडीच्या सेवेतील एक मुलगी आली आणि अदबीने म्हणाली, "काका, तुमची जागा समोर आहे. झोपलात तरी तीच राहणार." आजूबाजूचे लोक हसले. अबू निझार यांनी उठून, मी फक्त काच स्वच्छ आहे की नाही ते पाहत होतो, ऐसा जाहीरनामा काढला आणि उलट्या बैठकीत जाऊन पडले.

गाडीने वेग घेतला, वाळवंट पाठमोरे पळू लागले, आणि सेनापतींच्या तोंडचे पाणी पळाले. समोरचा धनी दिलदार होता. त्याने झाला प्रकार मनात न ठेवता खजूर पुढे केले आणि इवल्याशा फिंजानमध्ये कॉफी ओतून अबू निझार यांच्या हाती दिली. आता या मुलखाचा रिवाज ऐसा जे, पाहुण्याने फिंजान हाती घेऊन ओठास न लावता खाली ठेविला, तर त्याची काही मागणी आहे असे समजावे, आणि यजमानाने मागणी न ऐकताच, कॉफी घ्या, काम झालं, असे म्हणावे, न म्हटल्यास घराण्याची अब्रू जाते. लेक मागावयास, वैर मिटवावयास, खून माफ करवावयास वाडवडिलांनी हे शस्त्र राखून ठेविले होते. अबू निझार यांचा हात खाली जाऊ लागला, तोच उम्म निझार कानाशी कुजबुजल्या, "अहो, प्या ती मुकाट्यानं. दुपारी ठेवायचीय ती, आत्ता नाही."

परंतु ते समयी डोके गरगरत होते आणि खिडकी समोर दिसत होती. अबू निझार यांनी फिंजान ठेविला. भोवतालचे लोक माना वळवून पाहू लागले. धनी सरसावून बसला आणि गंभीरपणे म्हणाला, "घ्या, भाऊ. काम झालं. काय हवं तुम्हाला?"

"तुमची खिडकी," अबू निझार म्हणाले.

त्या गृहस्थाच्या मुद्रेवर जे आले ते वर्णन करावयास लेखणी धजत नाही. पण शब्द गेला होता. तो उठला, उलट्या बैठकीत आला, घटकाभरात त्याचाही रंग उतरला, आणि मदिना येईतो तो डोळे मिटून तोंडाशी रुमाल धरून बसला. अबू निझार विजयाने फुलून गेले. उम्म निझार यांनी त्यांच्याशी बोलणे टाकले, हेही त्यांनी विजयातच धरले.

मदिनेस उतरल्यावर तो गृहस्थ कोणाचाही निरोप न घेता गर्दीत नाहीसा जाहला, आणि निझार मातापित्यांस घेऊन मशिदीत गेले. दुपारचा नमाज अदा करून, पैगंबरांस सलाम रुजू करून फौज ठरल्या वेळेआधी कुर्दी यांच्या दारी दाखल जाहली. उम्म निझार आत बायकांत गेल्या. दिवाणखान्याचे दार उघडले, आणि सामोरे आले ते, जिद्द्याचे काम उरकून सकाळच्याच गाडीने परतलेले, मुलीचे वडील अबू घस्सान. चेहरा अजून फिका, दाढी नीट कातरलेली, आणि हाती तोच थर्मास.

बसवून घेण्याचे सर्व सोपस्कार जाहले, पोक्त मंडळींनी मक्केची हवा विचारली, आणि अबू घस्सान यांनी फिंजान भरून हाती दिला. आता तो ठेवावा तर एकाच माणसापुढे एकाच दिवशी दुसऱ्यांदा ठेवणे, त्यास या मुलखात मागणी म्हणत नाहीत, भीक म्हणतात. न ठेवावा तर मागणीच राहून जाते. मंडळी वाट पाहत होती. निझार डोळ्यांनी खुणावत होते, की ठेवा ना बाबा.

"सकाळी एकदा ठेवलात," अबू घस्सान हलकेच म्हणाले. "मी दिलं."

"काय दिलं?" निझार यांनी विचारले.

"खिडकी," अबू घस्सान म्हणाले.

मग जे जाहले ते कोणत्याही सेनापतीच्या चरित्रात शोभले नसते. मुलाचा चेहरा पडलेला पाहून अबू निझार यांस आयुष्यात प्रथमच खापर फोडावयास दुसऱ्याचे डोके सापडेना. त्यांनी ती कडक कॉफी एका घोटात पिऊन टाकली, जीभ भाजली, आणि म्हणाले, "चुकलं माझं. गरगरतं मला, ते सांगायची लाज वाटली. तुमची लेक मागायला आता मला तोंड नाही. पण पोरगा माझ्यासारखा नाही हो, आईवर गेलाय. माझा राग त्याच्यावर काढू नका."

अबू घस्सान यांनी दुसरा फिंजान भरला, तो स्वतः हाती घेतला, आणि ओठास न लावता अबू निझार यांच्यापुढे खाली ठेविला.

"घ्या, दिलं," अबू निझार घाईने म्हणाले.

"आधी ऐका तरी. लग्न मक्केला होईल, तेव्हा लेकीला घेऊन आम्ही गाडीनंच येणार. तुम्ही न्यायला यायचं. खिडकी माझी, आणि तुम्ही समोर, उलटे. माझ्या पोरीचा सासरा कसा गरगरतो, ते मला नीट बघायचंय."

'सासरा' हा शब्द प्रथम कोणास कळला याविषयी मतभेद आहेत, परंतु दाराआड कान देऊन बसलेल्या बायकांस तो पुरुषांच्या आधी कळला आणि आतून आनंदाचा लांबलचक सूर निघाला हे निर्विवाद आहे. मग कुराणातली फातिहा पढून तह पक्का जाहला, भात गरम होता, आणि अबू निझार यांनी डोळे पुसून तो तीन वेळा घेतला.

येणेप्रमाणे मदिनेची मोहीम फत्ते जाहली. परतीच्या गाडीत फौजेस एक बैठक सुलट आली आणि एक उलट, तेव्हा उम्म निझार फिंजान न ठेवता, मागणी न घालता खिडकीशी जाऊन बसल्या, आणि एवढेच म्हणाल्या, "तुम्ही आत्तापासून सराव करा." अबू निझार निमूट समोर बसले. उलटे बसल्याने मशिदीचे मिनार त्यांस अगदी शेवटपर्यंत दिसत राहिले, आणि ते दिसेनासे होईतो ते खरोखर सुखी होते. पुढे जिद्दा येण्याआधी त्यांनी दोनदा तोंडाशी रुमाल धरला. हे कोठेही लिहू नये ऐसा त्यांचा सक्त हुकूम जाहला, तो हुकूम येथे इमानेइतबारे लिहून ठेविला आहे.