वावटळ्याची शस्त्रक्रिया आणि जंगलाची प्रकृती

एका जंगलात, मुलांनो, एक घोडी राहत होती. जंगलात घोडी कुठून आली, असं मध्येच विचारायचं नाही. सिंह दरबार भरवतो, तरस प्रधान होतो, हे तुम्ही मुकाट ऐकून घेता. मग घोडीलाच का अडवता?

तर घोडीचं नाव चंद्रा. तिला एक शिंगरू होतं. त्याचं नाव वावटळ्या. लहानपणी ते आईच्या शेपटीमागून हलायचं नाही. मग त्याची मान भरली. मानेवर आयाळ आली. आणि एके दिवशी त्याला पलीकडच्या कुरणातल्या तट्टाण्या दिसल्या. तट्टाण्या रोजच तिथे चरायच्या. दिसल्या मात्र त्या दिवशी.

झालं! तेव्हापासून वावटळ्या उगाच धावू लागला. उगाच खिंकाळू लागला. मागच्या पायांवर उभा राहून पुढच्या पायांनी हवेला मारू लागला. हवेने त्याचं काय वाकडं केलं होतं, ते त्यालाही सांगता आलं नसतं.

त्याच सुमारास या जंगलाच्या राजाचे, म्हणजे सिंहाचे, गुडघे दुखायला लागले. वसंतातली मिरवणूक जवळ आली होती. राजाने लंगडत जावं, हे काही बरं दिसणार नव्हतं.

"महाराज, घोड्यावर बसून जा," प्रधान तरसराव म्हणाला.

महाराज वावटळ्यावर बसले. बिचारा चार पावलं नीट चाललाही. तेवढ्यात पलीकडून तट्टाण्या गेल्या. वावटळ्या एकीकडे गेला आणि महाराज दुसरीकडे. दुसरीकडे निवडुंग होता.

तरसराव हसला. त्यात त्याचा दोष नाही. तरसाला हसू आवरत नाही, ती जातच तशी. पण महाराजांनी निवडुंगातून वर पाहिलं, आणि ते हसू झाकण्यासाठी तरसरावाने घाईघाईने हुकूम सोडला, "या घोड्याला खच्ची करा!"

मुलांनो, खच्ची करणं म्हणजे काय, हे बाबांना विचारा. बाबा विषय बदलतील. म्हणजे मग तुम्हाला थोडं थोडं कळेल.

चंद्रा घाबरली. ती आधी म्हाळू बैलाकडे गेली. म्हाळूचं हे सगळं लहानपणीच उरकलं होतं.

"म्हाळूभावजी, फार दुखतं का हो?"

म्हाळू रवंथ करत होता. "आठवत नाही, वहिनी."

"मग नंतर कसं वाटतं?"

"काही वाटत नाही."

"म्हणजे बरं वाटतं?"

"छे. वाटतच नाही," म्हाळू म्हणाला आणि घास दुसऱ्या गालात घेतला.

मग ती ओढ्याकाठी डॉक्टर नांग्यांकडे गेली. डॉक्टर नांगे जातीने खेकडा. हात धारदार, स्वभाव सरळ, चाल तेवढी तिरपी.

"डॉक्टर, यात धोका काय असतो?"

"धोका काही नाही," नांगे म्हणाले. "फक्त रक्त जातं. कधी थांबतं, कधी थांबायला वेळ लावतं. मग सूज येते. जखमेत घाण गेली तर पू होतो, ताप चढतो. धनुर्वात झाला तर जबडा मिटतो तो उघडत नाही. क्वचित एखाद्याचं आतडं त्या वाटेने खाली येतं. बाकी काही नाही."

"एवढं सगळं होऊन धोका काही नाही?"

"मला काही नाही," नांगे म्हणाले.

"आणि तो शांत होतो का हो नक्की?"

"तट्टाण्यांच्या बाबतीत बहुतेक होतो. बाकी ज्याचा त्याचा स्वभाव. एक मात्र ध्यानात ठेवा, बाई. एक दिवस त्याला उभं राहू द्या. मग रोज चालवा. चाललं की आतलं वाहून जातं, सूज उतरते. पडू दिलात तर माझ्याकडे येऊ नका. मला गेलेल्यांवर काम करता येत नाही."

चंद्राने ते मनात घट्ट बांधून ठेवलं.

खरं तर हे काम ओढ्याकाठी, चार झुडपांआड गुपचूप उरकता आलं असतं. पण तरसरावाला वाटलं, राजाला पाडणाऱ्याचं काय होतं ते प्रजेने बघावं. त्याने भर दुपारी, दरबारासमोरच्या मैदानात, सगळ्या जंगलाला बोलावलं. रानडुक्कर आला. गवा आला. सांबर, माकड, मोर, सगळे आले. फुकटचा तमाशा कोण सोडतो?

वावटळ्याला गुंगीची मुळी चारली. तो गुडघ्यांवर आला, मग आडवा झाला. हत्तीने सोंडेने त्याची मान धरली. डॉक्टर नांगे तिरपे तिरपे पुढे आले. त्यांनी दोन्ही नांग्या एकमेकींवर घासल्या. कर्र, कर्र.

त्या आवाजासरशी मैदानातले सगळे नर मांडी घालून बसले. सांबराला मांडी घालता येत नाही. त्यानेही घातली.

पहिली बाजू चटकन झाली. मग नांगे थांबले. चाचपले. पुन्हा चाचपले.

"काय झालं?" तरसरावाने विचारलं.

"दुसरं खाली उतरलेलंच नाही. पोटात राहिलंय. शोधावं लागेल."

"मग राहू द्या. अर्ध्यावर भागणार नाही?"

"भागेल की. मग महाराजही अर्ध्या वाटेपर्यंतच बसतील."

तेव्हा नांगे आत शिरले. बराच वेळ त्यांचे फक्त मागचे पाय दिसत होते. मध्येच रक्ताची धार लागली. मोराने डोळे मिटले. माकड झाडावर चढलं, पण झाडावरून जास्तच स्पष्ट दिसतं म्हणून खाली उतरलं. रानडुक्कर आडवा झाला. त्याला वारा घालावा लागला. चंद्रा तेवढी जागची हलली नाही. मुलाच्या कानाशी तोंड नेऊन ती त्याचं नाव पुटपुटत राहिली.

शेवटी नांगे बाहेर आले. "सापडलं," ते म्हणाले, आणि जखमेत स्वच्छ पानांचा बोळा दाबून बसले. रक्त थांबलं.

टाळ्या वाजवायच्या की नाही, कुणाला कळेना. तरसराव तेवढा हसला.

आता पाहा हं. अवघड ते पार पडलं होतं. पण तरसरावाला काळजी वाटायला लागली. त्याने हुकूम केला, "घोडा महाराजांच्या मिरवणुकीचा आहे. पळून जाता कामा नये. आजाऱ्याला विश्रांती हवी. त्याला खुंटाला बांधा." आणि गव्याला पहाऱ्यावर उभं केलं.

विश्रांती मिळाली. सूजही मिळाली. आधी ती पेरूएवढी होती, मग पपईएवढी झाली, मग मागचे पाय फाकवल्याशिवाय वावटळ्याला उभं राहता येईना. अंग तापलं. त्याने गवताला तोंड लावणं सोडलं. एका सकाळी त्याचे पुढचे गुडघे वाकायला लागले.

चंद्रा खुंटापाशी आली आणि दाताने दोरी चावू लागली.

"वहिनी, हुकूम आहे," गवा म्हणाला.

"हुकूम त्याच्या सुजेला सांगा. तिने ऐकलं तर मी जाते."

गव्याने सुजेकडे पाहिलं. मग त्याला एकदम दूर कुठेतरी काहीतरी महत्त्वाचं दिसलं, आणि तो पाठ फिरवून तेच बघत राहिला.

चंद्राने मुलाला ढुशी देऊन पुढे ढकललं. तो एक पाऊल चालला आणि थांबला.

"आई, नको."

"आणखी एक."

"आई, मी काय केलं गं?"

"काही नाही रे. तू मोठा होत होतास," चंद्रा म्हणाली. "चल. त्या पळसापर्यंत."

पळस आला, तेव्हा ती बाभळीपर्यंत म्हणाली. बाभूळ आली, तेव्हा ओढ्यापर्यंत. तो खाली बसायला लागला की ती त्याला चावायची. खरंच चावायची, रक्त येईपर्यंत. तो रडत होता, शिव्या देत होता, आणि चालत होता. दुपार कलता कलता जखमेतून साचलेलं सगळं भळभळा वाहू लागलं. संध्याकाळी तो ओढ्याचं पाणी प्यायला आणि त्याने चार काड्या गवत खाल्लं. मग चंद्रा एका झाडामागे गेली आणि एकटीच थरथरत उभी राहिली.

वावटळ्या वाचला. मिरवणूक झाली. महाराज बसले आणि पडले नाहीत. तट्टाण्या शेजारून गेल्या. वावटळ्याने त्यांना नमस्कार केला.

मिरवणूक संपल्यावर दरबार भरला. तरसरावाला आता हुरूप आला होता. त्याने जाहीर केलं, "यापुढे ओढ्याचा अलीकडचा काठ फक्त दरबारी प्राण्यांसाठी. बाकीच्यांनी डोंगराला वळसा घालून पलीकडच्या काठावर पाणी प्यावं. कुणाची हरकत?"

एरवी या जंगलात केवढा कल्लोळ झाला असता! रानडुकराने जमीन उकरली असती. गव्याने शिंगं खाली घेतली असती. माकडांनी तर हरकत काय हे समजून न घेताच हरकत घेतली असती.

पण पहिल्या रांगेत डॉक्टर नांगे बसले होते. त्यांच्या पायाला खाज सुटली. त्यांनी खाजवलं. कर्र, कर्र.

सगळे नर मांडी घालून बसले.

"आहे हरकत!" आवाज आला. वावटळ्या उभा होता. "पिल्लं तहानेने मरतील. आम्ही इथेच पिणार."

तरसराव नांग्यांवर उखडला. "हा शांत होईल म्हणाला होतात!"

"तट्टाण्यांच्या बाबतीत म्हणालो होतो," नांगे म्हणाले. "पाण्याचं बोलणं झालं नव्हतं."

"मग आता याचं काय कापायचं?"

नांग्यांनी वावटळ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. "आता काही शिल्लक नाही," ते म्हणाले.

दरबार उठला. चंद्रा आणि वावटळ्या सरळ उतरून अलीकडच्या काठावर गेले आणि पोटभर पाणी प्यायले. त्यांना कुणी अडवलं नाही. बाकीचे सगळे रांगेने डोंगराला वळसा घालायला निघाले. ऊन रणरणत होतं. वाटेत गव्याने रानडुकराला हळूच विचारलं, "घोड्याला भीती कशी वाटत नाही रे?"

"त्याचं काय जातंय?" रानडुक्कर म्हणाला. "जायचं ते गेलं!"

तात्पर्य : शिंगराला खच्ची करण्यात रक्तस्राव, सूज आणि ताप असे अनेक धोके आहेत, पण सर्वांत मोठा धोका म्हणजे तो जगतो आणि त्याची भीती मरते. म्हणून शहाण्या प्रधानाने प्रत्यक्षात कुणालाही खच्ची करू नये. डॉक्टरांना पहिल्या रांगेत बसवावे, एवढे पुरते.