रंगनाथमामांची सोळावी भाजी

राजूरजवळच्या आमच्या रंगनाथमामांच्या शेतात वांगी साडी नेसतात. ऊन तापलं की पातळ वायलची, गारांची हूल उठली की जाड सुती. या जुन्या साड्या जमवायचं काम माझ्याकडे. मी जालन्यात मस्तगडला राहतो, आणि दारोदार साड्या मागत फिरणारा भाचा म्हणून तिथे माझं नाव झालं आहे. एकदा बायकोला शेत दाखवायला नेलं, तर तिच्या साखरपुड्याची मोरपंखी साडी भोपळ्याच्या वेलावर पसरलेली. येताना बसमध्ये ती दुसऱ्या सीटवर जाऊन बसली.

मामा शेती करतात असं म्हणण्यात अर्थ नाही. मामा आभाळाशी भांडतात आणि मधल्या वेळात भाजी येते. त्यांना बसून चहा पिताना कोणी पाहिलेलं नाही. एक घोट घेतला की दारात, दुसरा घेतला की बांधावर. पावसाचा अंदाज सांगणारी दोन-तीन ॲप मोबाइलवर आहेत, ती सगळी वेगवेगळं सांगतात.

"ह्यो म्हणतो ऊन, त्यो म्हणतो धो धो. माहा गुडघा म्हणतो सांच्याला बघू. बिलकुल भरवसा न्हाई!"

हे 'बिलकुल भरवसा न्हाई' आभाळाबद्दल असतं, मोबाइलबद्दल असतं आणि मी साड्या आणायला उशीर केला तर माझ्याबद्दलही असतं.

दुसरा हट्ट म्हणजे औषधाचा थेंब शेतात येऊ द्यायचा नाही. शेण, गोमूत्र, गूळ आणि बेसन पिंपात कालवून मामा काठीनं ढवळत राहतात. मी नाक दाबलं तर म्हणतात, "दाब, दाब. भाजी खाताना न्हाई दाबत ते!" तणही हातानंच उपटायचं. त्यातही खास वैर घोळीशी. लाल देठांची, जाड पानांची ही घोळ जमिनीवर पसरत जाते. लोक तिची भाजी करून खातात, पण मामांच्या लेखी ती चोर. शिव्या देत ते ती उपटतात आणि बांधापलीकडे भिरकावतात.

या सगळ्या धावपळीचं कारण मात्र पुण्यात आहे. आमची मामी. नातवाचं करायला म्हणून मुलाकडे गेली आणि तिथलीच होऊन बसली. जाताना महालक्ष्म्यांचे मुखवटेही घेऊन गेली, कारण मामांना एकट्याला सण झेपला नसता. परत कधी येणार, असं मामांनी ती निघताना विचारलं. मामी थट्टा करते की खरं बोलते हे तिच्या तोंडाकडे बघून कळत नाही. म्हणाली, "नैवेद्याच्या सोळाच्या सोळा भाज्या तुमच्या रानातल्या झाल्या की कळवा. मुखवटे घेऊन येते अन् मीबी ऱ्हाते."

आम्ही सगळे हसलो. मामा हसले नाहीत.

तेव्हापासून दर भादव्यात ते एखाद्या भाजीनं हरतात. कधी पडवळाचा मांडव वाऱ्यानं आडवा होतो, कधी गवारीला फूलच धरत नाही. "एखादी जुडी बाजारातून आणा ना, कोणाला कळतंय?" असं मी एकदा बोलून गेलो.

"देवीला न्हाई कळणार," मामा म्हणाले. "तुह्या मामीला बराबर कळन."

यंदा पावसानं आधी दडी मारली, मग आला तो थांबेचना. पंधरा भाज्या साड्यांच्या आडोशानं कशाबशा तगल्या. अडली ती मेथी. पेरली की सडायची, पुन्हा पेरली की पुन्हा सडायची. सण तोंडावर आला तसा मी शेतावर गेलो, तर मेथीच्या वाफ्यात नुसता चिखल आणि मामा त्याच्याभोवती येरझारा घालत होते.

"गेली रे मेथी. परवा पानं आल्ती, आज काहीच न्हाई."

मला मेथीचा राग आला, पावसाचा आला आणि खरं सांगायचं तर मामीचाही आला. तिरीमिरीत मीच फोन लावला आणि स्पीकर चालू करून मामांपुढे धरला.

"पंधराच झाल्या," मामा पुटपुटले.

पलीकडे नातवाचा दंगा चालला होता. मामीनं त्याला गप्प केलं आणि विचारलं, "घोळ न्हाई का आली?"

"घोळ? ती काय भाजीय का? तण हाय! समदी उपटून फेकली मी."

"तुमची माय नैवेद्याला घोळच घालायची. कधी सैपाकघरात डोकावले असते तर कळलं असतं! बघा जल्दी."

मामा अनवाणीच बांधापलीकडे धावले. मी फोन घेऊन मागे. वर्षभर भिरकावलेल्या घोळीनं तिथे पावसात पुन्हा मूळ धरलं होतं आणि हिरवीगार होऊन ती ऐसपैस पसरली होती. मामा तिथेच चिखलात खाली बसले. त्यांना असं बसलेलं मी पहिल्यांदाच बघत होतो.

"सापडली का?" फोनमधून आवाज आला.

"सापडली, मामी."

"मंग उद्याच्या गाडीनं निघते म्हणावं. मुखवटे कवाच बांधून ठेवलेत."

मला वाटलं, मामा आता घोळ खुडायला घेतील. पण ते उठले आणि तडक वांग्यांकडे गेले. तिथल्या एका हिरव्या साडीच्या गाठी त्यांनी सोडल्या, आणि वांगी उघडी पडू नयेत म्हणून खोपीतल्या खुंटीवरचं स्वतःचं धोतर त्यांच्यावर पसरलं.

"हीच काहून काढली, मामा?"

"ही तिची हाय. न इचारता घेतल्ती."

विहिरीवर नेऊन त्यांनी ती साडी धुतली, चिखलाचा डाग जाईना म्हणून पुन्हा धुतली आणि बाभळीला बांधलेल्या दोरीवर वाळत घातली. राजूरच्या बाजूनं आभाळ भरून आलं होतं. मामांनी वर पाहिलं. आता शिव्या सुरू होणार म्हणून मी वाट बघत राहिलो.

"उद्यापोतर वाळू दे रे बाबा," ते हळूच म्हणाले. "मंग काय पडायचं ते पड."