हेजहॉगची ग्रेव्ही

"कोण कोण रडलं?" ग्रेव्हीची, बटाट्यांवर ओतायच्या दाट रश्श्याची, पावडर बनवणाऱ्या कंपनीचे मालक क्लेगहॉर्नसाहेब नाक शिंकरत म्हणाले.

सगळेच रडले होते, एक ग्लेनिस सोडून. नाताळची जाहिरात पाहून इंग्लंडात रडावंच लागतं. पण विक्रीखातं सांभाळणारी ग्लेनिस खर्चाचा हिशेब मांडत बसली होती. जाहिरातीत एक एकटे आजोबा बागेतल्या हेजहॉगला, म्हणजे त्या इवल्याशा काटेरी प्राण्याला, वाटीभर गरम ग्रेव्ही ठेवतात. बस्स. एवढ्यात वर्षाचा नफा स्वाहा! नाताळात विक्री वाढली नाही, तर हॅलिफॅक्सच्या कारखान्यातली संध्याकाळची पाळी बंद होणार होती. त्या पाळीतल्या निम्म्या बायका ग्लेनिसच्या शाळेतल्या मैत्रिणी.

"अरे रूपर्ट, बटाट्यांवर ग्रेव्ही ओतताना कुणी दिसतच नाही यात!"

"आपण ग्रेव्ही विकत नाही, ग्लेनिस. माया विकतो," जाहिरात विभागाचा रूपर्ट म्हणाला.

"मग डब्यात माया भर की! पावडर कशाला भरतोस?"

जाहिरात टीव्हीवर आली, देश रडला आणि विक्री खरंच उसळली. रूपर्टचे पाय जमिनीला लागेनात. मग ग्लेनिसकडे फोन सुरू झाले.

"अहो बाई, आमचा हेजहॉग ग्रेव्हीला तोंडच लावत नाही हो!" लीड्सची एक आजी.

"आजी, थंडीत हेजहॉग झोपतात. थेट वसंतात उठतात."

"मग जाहिरातीतला कसा जागा होता?"

"त्याला पैसे मिळाले होते, आजी."

बागाबागांतून ग्रेव्हीच्या वाट्या गोठून पडल्या. प्राणिमित्र भडकले, एवढं मीठ त्या जिवाला सोसणार नाही म्हणून पेपरात ओरड झाली. लोक डबे दुकानात परत आणून देऊ लागले आणि विक्री होती त्याहून खाली गेली. रूपर्ट म्हणाला, माफीची फिल्म करू, वाद्यवृंद घेऊन, पण ती होईपर्यंत नाताळ उलटेल.

ग्लेनिसचं डोकंच फिरलं. कारखान्यात घालायची केसांची जाळी तशीच ठेवून ती कॅन्टीनमध्ये रेकॉर्डिंग लावून मोबाइलसमोर उभी राहिली.

"ऐका. आमची ग्रेव्ही हेजहॉगला घालू नका. ती माणसांची आहे. पाणी उकळा, पावडर ढवळा, बटाट्यांवर ओता आणि गुपचूप जेवा. तो बिचारा झोपलाय, त्याला झोपू द्या!"

बातम्यांनी ते फुकट दाखवलं. दोनच दिवसांत दुकानांतली फडताळं रिकामी झाली. संध्याकाळची पाळी तर वाचलीच, वर रात्रीचीही सुरू करावी लागली.

जानेवारीत मीटिंग भरली.

"साधं खरं बोललं की माल खपतो, पटलं ना, साहेब?" ग्लेनिसनं विचारलं.

"पटलं, बाई! टीव्हीनंच विक्री वाढते. बजेट दुप्पट!"

रूपर्टनं दिवे मालवून नव्या जाहिरातीचा नमुना लावला. कॅन्टीनमध्ये एक एकटी बाई, केसांना जाळी, बाहेर बर्फ, मांडीवर हेजहॉग. भूमिकेसाठी लंडनची मोठी नटी ठरली होती.

"अरे, ही मीच ना? मग मीच करते की, फुकटात!"

"छे! तू पडद्यावर खरी वाटणार नाहीस."

दिवे लागले.

"कोण कोण रडलं?" क्लेगहॉर्नसाहेबांनी डोळे पुसत विचारलं.

या वेळी ग्लेनिसनं सगळ्यांच्या आधी हात वर केला.