भाऊसाहेबांच्या गाडीचा तळ

"नारळ कोणी फोडला? गाडीवर नारळ कोणी फोडला?"

भाऊसाहेबांचा हा आवाज ऐकून भिंगारचा अख्खा बाजार गप्प झाला. नगरच्या स्टँडवरची एक एसटी म्हणे घाबरून वेळेवर सुटली.

नारळ मी फोडला होता. खंडेनवमी होती, शेजारी भाऊसाहेबांच्या शेडमध्ये त्यांची गाडी उभी होती. हार घातला, नारळ फोडला, पाणी शिंपडलं. यात माझं काय चुकलं?

"सर, कालच समदा गंज खरवडून पत्रा उघडा केला हुता! आन् तुमी त्याला नारळपाणी पाजलं?"

बरं, लगेच घासावं तर ग्राइंडर झेंडूचा हार घालून पाटावर बसलेला. खंडेनवमीला हत्याराला हात लावायचा नाही, हा त्यांच्या बायकोचा, मंदावहिनींचा कायदा. भाऊसाहेब दिवसभर अंगातल्या शर्टानं गाडी पुसत बसले. संध्याकाळी माझ्या नारळाचे डाग पत्र्यावर तांबूस उमटले. दसऱ्याचं सोनं वाटून झालं आणि भाऊसाहेबांनी पहिल्यापासून घासायला घेतलं. माझ्याशी चार दिवस बोलले नाहीत. पाचव्या दिवशी हातोडी घेऊन घरात शिरले, माझ्या लोखंडी कपाटाला कान लावून ठकठक केलं आणि म्हणाले, "खालून गेलंय." तेव्हा कळलं, माफी मिळाली.

ही हातोडी वीतभराची. भाऊसाहेब नागापूरच्या कारखान्यात तीस वर्षं वेल्डर होते. तेव्हापासून ती खिशात असते. दिसेल त्या लोखंडाला ठोकायचं आणि ऐकायचं. चांगलं लोखंड खणखणतं, सडलेलं भद्द बोलतं. त्यांनी पाण्याची टाकी ठोकली, पुढाऱ्याचं स्टेज भाषण चालू असताना ठोकलं. "आवाज ऐका, सर," म्हणाले. मी ऐकला. पुढारी भाषण आवरून खाली उतरला.

गाडी मात्र खरी देखणी. लाल, विलायती, दोन माणसांची, टप नसलेली. एका निवृत्त फौजी साहेबाच्या बंगल्यात चिंचेखाली पडून होती. भाऊसाहेबांनी ती आणली, चालू केली आणि वहिनींना शेजारी बसवून भाच्याच्या लग्नाला वहिनींच्या माहेरी, पारनेरला निघाले. मांडवाच्या दारात गाडीचा तळ फाटला. वहिनी सीटसकट खाली! पाय जमिनीवर, शालू सायलेन्सरवर. सनई थांबली. आधी वहिनींचे भाऊ हसले, मग वऱ्हाड, मग घोडासुद्धा हसला. मी तिथं होतो, खोटं कशाला सांगू?

वहिनी उठल्या, शालू झटकला आणि म्हणाल्या, "या गाडीत मी परत बसायची न्हाई." या गोष्टीला अकरा वर्षं झाली. तेव्हापासून त्या माहेरी एसटीनं जातात. आणि तेव्हापासून भाऊसाहेबांचं एकच: ती गाडीत बसली पाहिजे.

लोकांनी सल्ले दिले. पत्र्याचा तुकडा मारा, वरून डांबर फासा, पुट्टी लावा. भाऊसाहेब भडकायचे. "वरून रंग दिलेला गंज म्हंजी घरात कोंडलेला चोर. आत बसून खातोच!" टप नसलेल्या गाडीची सगळी ताकद दारांखालच्या दोन लांब पेट्यांत असते, हे मला त्यांनीच शिकवलं. त्या दोन्ही पोखरलेल्या. एका मिस्त्रीनं सांगितलं, दोन्ही एकदम कापा, आठवड्यात मोकळे व्हाल. "आन् गाडी मधून बसंल कढईवानी! मग दारं काय तुझ्या आज्यानं लावायची?" त्यांनी दाराच्या चौकटीत आडवे अँगल मारून गाडी ताठ धरली आणि एकेक बाजू कापली. वीतभर कापायचं, वीतभर जोडायचं, मग दार लावून बघायचं. दार सुताइतकं अडलं तरी जोड तोडून पुन्हा. एक जोड मी स्वतः नऊ वेळा तुटताना पाहिला. नऊ नसेल, पण चार नक्की.

शेवटी तळ नवा झाला. तरी वहिनींना बोलवेनात. बाजरीची दोन पोती शेजारच्या सीटवर ठेवली, पट्टा बांधला आणि महिनाभर रोज पारनेरला जाऊन आले. एकही खड्डा चुकवला नाही. वाटेतले लोक पोत्यांना रामराम घालायला लागले.

मग एका सकाळी गाडी दारात आणली. मला साक्षीदार म्हणून उभं केलं. वहिनी पिशवी घेऊन एसटीला निघाल्या होत्या.

"बस," भाऊसाहेब म्हणाले.

वहिनींनी गाडीकडं पाहिलं. "न्हाई म्हनले हुते मी."

"तळ नवा हाय. सर, सांगा की!"

मी तोंड उघडलं, पण त्यांनीच हातानं गप्प केलं. भिंगार हादरवणारा माणूस, पण आवाज इतका खाली गेला की मला पुढं सरकावं लागलं.

"मंदा, त्या दिशी... समदे हसले. त्यात मी बी हसलो हुतो. लई वाईट केलं मी. अकरा वर्सं टोचतंय."

वहिनींनी दार उघडलं, पिशवी पायाशी ठेवली, बसल्या, पदर डोक्यावरून घट्ट घेतला.

"मला तवा वाटलं, तुमाला ठसका लागलाय."