मापाड्याचं दुपटं

सन एकोणीसशे एकसष्ट. पौष महिना. संक्रांतीला बारा दिवस राहिले होते आणि आमच्या मुरुम गावात थंडी अशी की घागरीतलं पाणी हाताला चावायचं. त्या सकाळी माझी बायको सारजाबाई आडावर घसरली आणि उजवं मनगट मोडून बसली. हाडवैद्यानं बांबूच्या कामट्या बांधल्या आणि महिनाभर हात हलवायचा नाही म्हणून बजावलं.

मी म्हटलं, "भाकरीचं बघू. रडू नको."

"भाकरीसाठी कोण रडतंय?" ती म्हणाली. "आवं, दुपट्याचं काय?"

ते मात्र माझ्या ध्यानात नव्हतं.

आमच्या भिंतीला भिंत लावून लालमहंमद पिंजाऱ्याचं घर. गाद्या भरणारा माणूस. त्याची लेक ताहेरा पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. तिच्या बाळाला छटीला, म्हणजे सहाव्या दिवशी, लोकरीचं पट्ट्यापट्ट्यांचं दुपटं देईन, असा शब्द सारजानं दिला होता. पांढरी आणि हिरवी लोकर सोलापूरहून आणून ठेवली होती. क्रोशाची सुई आणली होती. टाका एकही घातला नव्हता.

आता कुणी म्हणेल, दुपट्याचं एवढं काय? तर सांगतो. आमचा महारुद्र लग्नानंतर सोळा वर्षांनी झाला. झाला आणि सारजाला ताप भरला. अंगावर दूध नाही. लालमहंमदच्या बायकोला, अजीजाबीला, आठच दिवसांपूर्वी ही ताहेरा झाली होती. अजीजाबी आली, पोर उचललं आणि चाळीस दिवस दोघांना पाजलं. एका बाजूला ताहेरा, एका बाजूला आमचा. आज महारुद्र एस.टी.वर ड्रायव्हर आहे आणि घरात शिरताना चौकटीला डोकं आपटतो.

तेव्हा मी ज्वारीचं एक पोतं लालमहंमदकडे पाठवलं. त्यानं त्याच गाडीतून परत पाठवलं. वर निरोप दिला, "बलभीमभाऊ, दुधाचं माप असतं व्हय?"

मी मापाडी. बाजारात चाळीस वर्षं पायलीनं धान्य मोजलं. जे पायलीत बसत नाही ते जगात नाही, असं मानणारा माणूस. ते वाक्य बावीस वर्षं माझ्या घशात अडकलं होतं. त्यात नुकतेच नवे किलो आले आणि माझी पायली खुंटीवर गेली. म्हणजे मी रिकामा होतो. (रिकामा माणूस काय करील सांगता येत नाही.)

"गल्लीतल्या द्वारकाबाईला सांगू का?" सारजा म्हणाली. "तिला चांगलं इणता येतं."

"घरचं देणं घरच्या हातानं द्यायचं."

तिनं कामट्या बांधलेला हात वर केला. "कोणत्या हातानं?"

"माझ्या," मी म्हणालो.

सारजाचं रडणं तिथंच थांबलं. दुखणं असूनही ती हसली. मग दाराला कडी घातली, कारण एवढी अक्कल आम्हा दोघांनाही होती.

क्रोशाची सुई म्हणजे टोकाला आकडा असलेली एक काडी. बैल जुंपताना जुवात घालायची शिवळ मी डोळे मिटून बसवीन, पण ही काडी बोटांत राहीना. आधी साखळी घालायची. मी घातली. सारजानं ती ओढून पाहिली.

"ही साखळी हाय का दावं? बाळाला दुपटं पाहिजे, रेडा बांधायचा न्हाय. सैल धरा."

सैल धरलं तर निसटायचं. तीन दिवस हेच. चौथ्या दिवशी साठ खांबांची पहिली ओळ उभी राहिली. खांब म्हणजे उभा टाका. मी तो साठ वेळा मोजला. आमच्या रिवाजानं एकाला 'लाभ' म्हणून. लाभ, दोन, तीन.

"आता मोजायचं काम न्हाय," सारजा म्हणाली. "खालच्या खांबावर एक खांब. ओळ सरली की फिरायचं. दोन ओळी पांढऱ्या, दोन हिरव्या. ऐंशी ओळी झाल्या की दुपटं. आणि शेवटी..."

"मापाड्याला मोजणं शिकवू नको," मी म्हणालो.

ती उठून चुलीकडं गेली. त्यानंतर मी एकटा विणू लागलो. झालेलं काम गुंडाळून मांडीवर ठेवायचं आणि वरची ओळ तेवढी पुढं धरायची. हात बसला. मनात म्हटलं, बायका उगीच या कामाचं कौतुक करून घेतात.

सारजा एकदा म्हणाली, "रुंद वाटतंय वो."

"तुझी नजर रुंद झालीय."

पंचावन्नाव्या ओळीला लोकर संपली. साठ खांबांच्या अंदाजानं पुरेल अशी आणलेली लोकर संपली, तेव्हाच मला कळायला हवं होतं. मी सोलापूरच्या दुकानदारानं माप मारलं असं ठरवलं, त्याला चार शिव्या दिल्या आणि बाजारात कल्याणप्पाच्या दुकानावर गेलो.

"लोकर पाहिजे."

"कशाला, बलभीमराव?"

साठीच्या पुरुषानं लोकर कशाला मागावी? तोंडात आलं ते बोललो. "बैलाला. गोंडे करायचेत."

कल्याणप्पानं चष्मा कपाळावर चढवला. "पोळा झाला. येळवस झाली. आता कोणता सण काढलात?"

"लोकर आहे का नाही?"

"राणी रंगाची हाय. पण बलभीमराव, तुमच्याकडं बैल हाय कुठं?"

"घेतलाय," मी म्हणालो आणि लोकर घेऊन निघालो.

खोटं बोलायची सवय नसली की माणूस असं मोठं खोटं बोलतो. दुसऱ्या दिवशी चार जण बैल बघायला आले. त्यांना दारातूनच वाटेला लावलं. पाचवा लालमहंमद. तो शेजारी, त्याला दार काय आणि कडी काय. परसातून थेट आत आला. मी दुपटं खाली घेतलं आणि त्यावर बसलो. सुई त्यातच होती.

"बैल घेतलासा म्हणं. कुठाय?"

"चरायला गेलाय." सुई आपलं काम करत होती.

"दात किती?"

"एक," मी म्हणालो. मला त्या वेळी एवढंच जाणवत होतं.

"एक दाताचा बैल?" लालमहंमद माझ्या तोंडाकडं बघत राहिला. "बलभीमभाऊ, तुमाला फसवलं कुणीतरी." हळहळत गेला. जाता जाता सांगून गेला की ताहेराला पहाटे मुलगा झाला. मी बसल्या जागेवरूनच आनंद दाखवला. उठायची सोय नव्हती.

छटी नेमकी संक्रांतीला आली. त्या सकाळी ऐंशीवी ओळ झाली. मी दुपटं पहिल्यांदा पूर्ण उलगडून जमिनीवर पसरलं आणि मागं सरकलो.

ते दुपटं नव्हतं. तो पंखा होता. एक टोक हातभर, दुसरं टोक सव्वादोन हात. खाली पांढरं-हिरवं, वर राणी रंग.

सारजा इतकी हसली की कामट्या सुटायला आल्या. मी हसलो नाही. बसून मोजलं. पहिली ओळ साठ. शेवटची एकशे एकोणचाळीस. मधली मोजली आणि मग चूक कळली. आमच्या धंद्यात ढीग मोजून संपला की मापाडी एक ओंजळ वर घालतो. घेणारा तुटीत जाऊ नये म्हणून. चाळीस वर्षं घातली. ओळ संपली की माझा हात आपोआप एक खांब वर घालत होता. प्रत्येक ओळीला. बाजारात माझ्या मापाला कधी कुणी बोट लावलं नव्हतं. आणि ज्या घरी माप चुकू नये तिथं हे.

"नेणार नाही," मी म्हणालो.

सारजाचं हसणं गेलं. "बावीस वर्षं झाली. आणखी किती ठेवायचं घरात? उठा."

उठलो.

लालमहंमदच्या अंगणात बायका बसल्या होत्या. अजीजाबीनं दुपटं उलगडलं. बायका पुढं वाकल्या. त्यांतली मथुराबाई हळूच म्हणाली, "झूल हाय का गं?"

"अच्छा!" लालमहंमद ओरडला. "म्हणजे बैल ह्योच व्हय!"

मी आभाळाकडं पाहिलं.

त्यानं गादीवाल्याच्या सवयीनं गज आणला. एका टोकाला लावला, दुसऱ्या टोकाला लावला, मध्ये लावला. डोकं खाजवलं. "बलभीमभाऊ, कुठलं माप धरू याचं?"

"धरू नका," मी म्हणालो. "माप नाही त्याला."

तो गज हातात घेऊन माझ्याकडं बघत उभा राहिला. मग गज भिंतीला टेकवून ठेवला. बावीस वर्षांपूर्वीचं त्याला आठवलं की नाही, मी विचारलं नाही. "बराबर," तो म्हणाला. "न्हाय याला माप."

अजीजाबीनं पोर उचललं. हातभर टोक पायाशी घेतलं, रुंद टोक अंगाभोवती दोनदा फिरवलं. पोराचं नाकच तेवढं बाहेर राहिलं. थंडीत रडत होतं ते गप्प झालं.

"सारजा, तुजा हात तर मोडलाय," ती म्हणाली. "मंग कुणी केलं?"

"ह्यांनी," सारजा म्हणाली.

अंगणातले सगळे पदर एकदम तोंडाला गेले. मी पटका नीट केला. कुणाकडं न बघता, ताठ मानेनं, पावलं मोजून निघालो. माझ्या दारापर्यंत पोचलो आणि मागून अजीजाबीचा आवाज आला.

"बलभीमभाऊ! थांबा! दिल्यालं परत न्यायला लागलात का?"

मागं पाहिलं. माझ्या कोटाच्या गुंडीत अडकून तिच्या अंगणापर्यंत राणी रंगाचा धागा ताणला होता. अडीच ओळी उसवल्या होत्या. शेवटच्या टाक्याला गाठ मारायची असते, हे सारजानं मला सांगितलं नव्हतं. (सांगत होती. मी तेव्हा तिला मापाड्याचा मान शिकवत होतो.)

धागा गुंडाळत परत गेलो. पोर दुपट्यात गाढ झोपलं होतं आणि अजीजाबी त्याला उलगडू देईना. मग तिच्या शेजारी जमिनीवर बसलो. सारजानं कमरेची सुई काढून दिली. ती घेऊनच आली होती. म्हणजे तिला माहीत होतं. गल्लीतली माणसं दाराशी जमली. कल्याणप्पा तिळगूळ वाटायचा सोडून उभा राहिला. सगळ्या मुरुमादेखत मी खांबावर खांब घालत अडीच ओळी परत विणल्या.

शेवटचा खांब झाला. हात थांबेना.

"बस, भाऊ," अजीजाबी म्हणाली. "लई झालं."

मी एक वरचा घातला. गाठ मारली. तिनं टोक ओढून पाहिलं. सुटलं नाही.

देणं फिटलं.